वार्नाला बॅले ऐकायला

बॅलेसाठी प्रवास म्हटलं की लोक पॅरिस, लंडन, फार तर सेंट पीटर्सबर्ग म्हणतात. आम्ही बल्गेरियाला गेलो. काळ्या समुद्राकाठी वार्ना नावाचं शहर आहे आणि तिथे १९६४ पासून बॅलेची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते. अशा प्रकारची जगातली ही पहिली स्पर्धा. साधारण दर दोन वर्षांनी, जुलैत, समुद्राकाठच्या बागेतल्या उघड्या नाट्यगृहात, रात्री. आधी फेऱ्या, मग निकाल आणि शेवटी विजेत्यांचा गाला, म्हणजे समारोपाचा खास कार्यक्रम. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या नर्तकांपैकी मिखाईल बारिश्निकोव्हला १९६६ साली इथे सुवर्णपदक मिळालं, सिल्व्ही गिलेमला १९८३ साली.

कल्पना आत्याची. ती कथक शिकवते आणि तिला कधीपासून बॅले समोर बसून बघायचा होता, पडद्यावर नव्हे. मला नाचातलं ओ की ठो कळत नाही. पण नकाशा वाचायला आणि बॅगा ओढायला घरातलं कोणीतरी हवं होतं, आणि मला समुद्र हवा होता.

पहिला दिवस

इस्तंबूलमार्गे वार्ना. बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या समाईक व्हिसाच्या गटात आहे, त्यामुळे व्हिसाचा वेगळा घोळ उरलेला नाही.

घोळ झाला तो घरमालकीणबाईंशी. खोलीत गरम पाणी आहे का, असं विचारलं तर त्यांनी मान आडवी हलवली. आत्याचा चेहरा पडला. मग बाईंनी नळ सोडून दाखवला, वाफ आली. बल्गेरियात 'हो' म्हणताना मान आडवी हलते आणि 'नाही' म्हणताना ती वर झटकतात. हे वाचलेलं होतं, पण समोर घडतं तेव्हा डोकं ऐकत नाही. आणि तरुण मंडळी परदेशी माणूस दिसला की मुद्दाम आपल्या पद्धतीने मान हलवतात, म्हणजे गोंधळ दुप्पट. शेवटी आम्ही 'दा' आणि 'ने' एवढे दोन शब्द कानांनी पकडायचे ठरवले आणि मानेकडे बघणंच सोडलं.

संध्याकाळी मोर्स्का ग्रादिना, म्हणजे समुद्रकाठची ती लांबलचक बाग. मोठी झाडं, बाकांवर बुद्धिबळ खेळणारे आजोबा, स्केटवरची पोरं, उकडलेली कणसं विकणाऱ्या गाड्या. जुलैत सूर्य नऊच्या आसपास मावळतो, म्हणून कार्यक्रमही तेव्हाच सुरू होतो. नाट्यगृह या झाडीतच आहे. रंगमंचाच्या बाजूंना वेलींनी पूर्ण झाकलेल्या कमानी, वर छप्पर नाही, आणि पलीकडे समुद्र असल्याचं फक्त वाऱ्यावरून कळतं.

त्या रात्री फेरी होती, तिकीट तिथेच मिळालं, तिसऱ्या रांगेचं. पहिला अर्धा तास मला सगळे सारखेच छान वाटले. कोणी उडी मारली की टाळ्या वाजवत होते. मग 'डॉन किहोते' या बॅलेमधल्या बाझिल या नायकाचं व्हेरिएशन, म्हणजे एकट्याने करायचा छोटा नाच, लागलं. एक मुलगा करून गेला. थोड्या वेळाने दुसरा आला, तेच संगीत, तेच व्हेरिएशन. मग तिसरा. तिसऱ्याच्या वेळी मला पहिल्यांदा काहीतरी दिसलं. खरं म्हणजे दिसलं नाही, ऐकू आलं. पहिला मुलगा उडीवरून खाली यायचा तेव्हा 'धप्' व्हायचं. हा तिसरा तितकाच उंच जात होता, पण खाली आल्याचा आवाजच नव्हता.

मी आत्याकडे बघितलं. ती डोळे मिटून बसली होती.

"आत्या, झोपलीस?"

"गप. ऐकतेय."

आयुष्यभर तिने पायांचा आवाज काढायला शिकवलंय. घुंगरू असतात तेच मुळी प्रत्येक बोल ऐकू जावा म्हणून. इथे नेमकं उलटं. इतकं टणक टोक असलेल्या बुटांवर चढायचं आणि आवाज मात्र होऊ द्यायचा नाही. पॉइंट शूजच्या टोकात लाकूड असतं असं मला वाटायचं. नसतं. कापड आणि कागदाचे थर सरसाने चिकटवून कडक केलेले असतात, वरून साटीन. नवी जोडी मुली जमिनीवर आपटून आपटून मऊ करतात, कारण नाहीतर टकटक सगळ्या नाट्यगृहाला ऐकू जाते.

ही माहिती शेजारच्या बाईंनी दिली. सत्तरीच्या, सोफियाच्या, आता निवृत्त झालेल्या बॅले शिक्षिका. इंग्रजी मोडकं, बाकी सगळं फ्रेंच संज्ञांमध्ये आणि हातवाऱ्यांमध्ये. आत्या आणि त्या दहा मिनिटांत मैत्रिणी झाल्या. दोघी एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करत होत्या.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: फक्त गालाचं तिकीट काढून परत येऊ नका. आधीच्या निदान एक-दोन फेऱ्या बघा. तेच तेच व्हेरिएशन वेगवेगळ्या पायांवर बघितल्याशिवाय आपल्यासारख्यांना फरक कळायला दुसरा मार्ग नाही. आणि शक्य तितकं पुढे बसा. मागून आकृत्या छान दिसतात, पण आवाज पुढेच येतो. शाल न्या, डासांचं मलम न्या, आसनं कडक असतात म्हणून बसायला काहीतरी न्या.

दुसरा दिवस

सकाळी बानित्सा, म्हणजे पातळ पापुद्र्यांत पांढरं चीज भरून भाजलेला प्रकार, आणि सोबत आयरान, म्हणजे ताकच. बल्गेरियात शाकाहारी माणसाचं बरं चालतं. शोप्स्का सॅलड सगळीकडे मिळतं: टोमॅटो, काकडी, कांदा, मिरची आणि वर किसलेलं पांढरं सिरेने. चुश्का ब्युरेक म्हणजे चीज भरून तळलेली भोपळी मिरची. पण आत्याचं मन जिंकलं ते ताराटोरने. काकडीची कोशिंबीर पातळ करून थंडगार वाटीत ओतावी तसं हे सूप: दही, काकडी, लसूण, शेपू, अक्रोड. दुपारच्या उन्हात दुसरं काही खाववत नव्हतं. मी बाजूला त्सात्सा, म्हणजे तळलेले बोटभर मासे खात होते, तेही काट्यांसकट.

दुपारी पुरातत्त्व संग्रहालय, मुलींच्या जुन्या शाळेच्या इमारतीत. १९७२ साली वार्नाच्या बाहेर चर खणताना यंत्राला सोनं लागलं आणि साडेसहा हजार वर्षांपूर्वीची दफनभूमी सापडली. तीन हजारांवर सोन्याच्या वस्तू, सगळं मिळून सहा किलोंच्या आसपास. एकट्या ४३ क्रमांकाच्या कबरीतल्या माणसाच्या अंगावर दीड किलो. दालन छोटं आहे आणि गर्दी नव्हती. नुसता बॅले बघायला आलात तरी हे चुकवू नका.

रात्री पुढची फेरी. आकाश भरलेलंच होतं. चार-पाच जण नाचून झाले आणि थेंब पडले. घोषणा झाली, रंगमंच रिकामा झाला. मला वाटलं, आता सगळे घरी जाणार. कोणी हललं नाही. छत्र्या उघडल्या, पिशव्यांतून सूर्यफुलाच्या बिया निघाल्या, थर्मास निघाले. दहा मिनिटांत पाऊस थांबला आणि चार माणसं लांब दांड्यांचे पोछे घेऊन रंगमंचावर आली. लोकांनी त्यांना टाळ्या दिल्या. त्यातल्या एकाने वाकून रीतसर अभिवादन केलं. ब्राव्होच्या आरोळ्या झाल्या.

पण कमानीच्या कडेला नाचणारी मुलं दिसत होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर गंमत नव्हती. लोकरीचे पायमोजे चढवून, वर जाकिटं घालून ती एकसारखी पाय हलवत होती. स्नायू थंड पडले की संपलं. सोफियाच्या बाईंनी सांगितलं की ओल लागली की बुटाचं टोकही मऊ पडतं आणि मग त्यावर उभं राहणं धोक्याचं होतं. एका मुलीने दोनदा बूट बदलले. पाय घसरू नये म्हणून राळेच्या ट्रेमध्ये सगळे आळीपाळीने पाय घासत होते.

जवळपास तासाभराने परत सुरू झालं. आणि त्या ओल्या, गार हवेत एका मुलीने 'ग्रां पा क्लासिक'मधलं व्हेरिएशन केलं. ऑबेरचं संगीत, व्हिक्टर ग्सोव्स्कीची १९४९ ची रचना. बघायला त्यात काही नाट्य नाही. एका पायाच्या टोकावर उभं राहायचं, दुसरा पाय उघडायचा, मिटायचा, आणि पुन्हा, आणि पुन्हा, खाली न टेकता. मागे कुठे लपायला जागाच नसलेला नाच. डोक्यावर सीगल ओरडत होते (हे पक्षी वार्नात रात्रभर ओरडतात, खिडकी बंद करून झोपा). तिने शेवटपर्यंत घाई केली नाही. कोपऱ्यात चालत जाऊन पुढच्या तुकड्यासाठी उभी राहिली, ते चालणंसुद्धा नाचातलं होतं. बाईंनी माझ्या हातावर टिचकी मारून तेच दाखवलं. "मधलं बघ," म्हणाल्या. "उडी सगळ्यांना येते."

रात्री एकनंतर आम्ही बागेतून परत निघालो तर नाट्यगृहातून पुन्हा संगीत ऐकू येऊ लागलं. दिवसा उन्हात रंगमंच तापतो, म्हणून सराव रात्रीच चालतात, कधीकधी पहाटेपर्यंत. वॉल्ट्झचे तेच आठ आवर्तन. थांबायचं, कोणीतरी काहीतरी बोलायचं, पुन्हा तेच आठ. आत्या भिंतीला टेकून तिथेच उभी राहिली. मला झोप येत होती आणि मी तसं दोनदा सांगितलं.

तिसरा दिवस

निकालाची वाट बघण्याचा दिवस. आम्ही पोबिती कामानी बघून आलो. शहरापासून साधारण १८ किलोमीटरवर वाळूत उभे असलेले दगडी खांब, माणसाने न घडवलेले. बघायला तासभर पुरे, आणि सावली जवळपास नाही, तेव्हा सकाळी लवकर जा. परत येऊन समुद्रात डुंबलो. पाणी गुडघ्यापर्यंत बराच वेळ राहतं, पोहता न येणाऱ्यांना हे सोयीचं.

संध्याकाळी निकाल कळले. 'ग्रां पा क्लासिक'वाली मुलगी यादीत नव्हती. मी भर रस्त्यात चिडले. बाई भेटल्या तेव्हा त्यांना विचारलं, हे कसं? त्यांनी खांदे उडवले. परीक्षक आधुनिक रचनेचेही गुण देतात, तिथे ती फिकी पडली असेल. किंवा परीक्षकांना दुसरं काही दिसलं असेल. त्यांना त्याचं फारसं वाईट वाटल्यासारखं दिसलं नाही. "तिला नोकरी मिळेल," एवढंच म्हणाल्या. स्पर्धा बघायला बॅले कंपन्यांची माणसं येतात, आणि त्यांची यादी वेगळी असते.

आत्याला मात्र परीक्षक बरोबर वाटत होते. तिच्या मते त्या मुलीचा चेहरा कोरा होता. यावरून आमचं जेवताना चांगलंच वाजलं.

चौथा दिवस: गाला

गालाला लोक सजून आले होते. आदल्या रात्रींचे थर्मास गायब, सुगंध हवेत, फुलांचे गुच्छ मांडीवर. आमच्या जागा या वेळी मागे होत्या, कारण गालाची तिकिटं लवकर संपतात आणि आम्ही काढली तेव्हा पुढच्या रांगा गेल्या होत्या. तुम्ही आधी काढा.

गाला म्हणजे काय, हे मला तोवर नीट ठाऊक नव्हतं. एखादा पूर्ण बॅले नसतो. वेगवेगळ्या बॅलेंमधले शिखराचे तुकडे एकामागून एक. बहुतेक पा द दू, म्हणजे जोडीचं नृत्य, आणि त्याचा साचा ठरलेला: आधी दोघं मिळून संथ भाग, मग त्याचं व्हेरिएशन, मग तिचं, आणि शेवटी दोघांचा वेगवान कोडा. गोष्ट नाही. कोण कोणाच्या प्रेमात, कोण मेलं, काही सांगत नाहीत. राजकन्या येते, सर्वांत अवघड ते करते, वाकते, जाते. मग समुद्री चाच्यांचा गुलाम येतो. तासाभरानंतर मला खरंच थोडं ओकारीसारखं झालं, सगळा मेजवानीचा शेवटचाच पदार्थ. बॅले पहिल्यांदाच बघणाऱ्याने फक्त गाला बघितला तर तो याला उच्च दर्जाची सर्कस समजेल, आणि त्यात त्याची चूक नसेल.

'स्वान लेक'मधल्या काळ्या हंसिणीचे बत्तीस फुएते घ्या. एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाच्या फटकाऱ्याने सलग बत्तीस गिरक्या. पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तकीने १८९५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये त्या या भूमिकेत केल्या आणि तेव्हापासून त्या प्रत्येकीच्या मागे लागल्या आहेत. इथे दहाव्या गिरकीला टाळ्या सुरू झाल्या, त्याही तालात, आणि बाविसाव्यापर्यंत संगीत ऐकूच येईना. आत्या वैतागली. तिच्याकडे चक्करं समेवर येऊन थांबतात, मग टाळी. इथे मधेच. शिवाय मुलगी गिरक्या घेत घेत हळूहळू पुढे सरकत होती. कथकमध्ये चक्कर टाचेवर घेतात, इथे पायाच्या टोकावर, पण डोकं मागे ठेवून शेवटी झटक्याने फिरवायची युक्ती दोन्हीकडे तीच. "टाच असती तर सरकली नसती," असा निवाडा देऊन आत्याने पाण्याची बाटली उघडली.

मग 'ला बायादेर'. मारिउस पेतिपाने १८७७ साली रचलेला हा बॅले भारतात घडतो, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या रशियाच्या डोक्यातल्या भारतात. देवदासी निकिया, योद्धा सोलोर, राजकन्या गामझात्ती. ही नावं कुठल्या गावची, हे कोणी सांगू शकणार नाही. गालात त्यातलं सोनेरी मूर्तीचं नृत्य होतं, जे मूळचं नाहीच, निकोलाय झुबकोव्स्कीने १९४८ साली घातलेलं. एक मुलगा आपादमस्तक सोनेरी रंग फासून आला, बोटं कसल्याशा मुद्रेत वळवलेली, पाय चौकोनी. आमच्या दोघींच्या पोटात हसू मावेना. आत्याने तोंडाला पदर लावला. पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून बघितलं.

आणि तो मुलगा उडाला. मुद्रा तशीच ठेवून, पाय पोटाशी घेऊन, हवेत बसल्यासारखा. खाली आला. आम्ही इतक्या मागे होतो की तसंही काही ऐकू आलं नसतं. पण त्याचा गुडघा कसा वाकला, वजन कसं एकदम न टेकता उतरत गेलं, हे आता डोळ्यांना कळत होतं. तिसऱ्या रांगेत जे कानांनी शिकले होते ते इथे, इतक्या लांबून, दिसत होतं. पहिल्या रात्री मला तो फक्त एक सोनेरी, गमतीशीर प्राणी वाटला असता. आत्याने पदर खाली घेतला होता.

"याचे पाय बघ," ती म्हणाली. "मुद्रा जाऊ दे चुलीत. पाय बघ."

मध्यंतरात तिने सोफियाच्या बाईंना तिची आवडती गोष्ट सांगितली: १९२३ साली लंडनमध्ये रशियन बॅले नर्तकी आना पावलोवाने राधा केली आणि कृष्ण होता आपला तरुण नर्तक उदय शंकर. बाईंना पावलोवा अर्थातच ठाऊक होती, उदय शंकर नव्हते. मग त्यांनी विचारलं, ती मुद्रा खरी कशी असते? फराळाच्या रांगेत उभं राहून आत्याने त्यांना पताका, त्रिपताका, कर्तरीमुख करून दाखवलं. बाईंची बोटं वयाने आखडलेली, पण हात खांद्यापासून असा काही उचलला की मागचे दोघं-तिघं रांग विसरून बघत राहिले.

उत्तरार्धातलं मला सर्वाधिक आवडलं ते नृत्यरचनाकार बूर्नोंव्हिलचं, 'गेन्झानोचा फुलांचा उत्सव'. १८५८ चं, डेन्मार्कचं. इथे मोठ्या कसरती नाहीत. हात खाली, शांत, आणि पाय भराभर, हलक्या उड्यांत. दोघंही अगदी लहान होती, कनिष्ठ गटातली. मुलगा एकदा जरा डगमगला आणि दोघांना हसू आलं, खरंखुरं. त्या रात्री कोणी कोणाकडे बघून हसलं असेल तर तेवढंच. बाकीच्या जोड्या आमच्याकडे बघून हसत होत्या.

शेवटी सगळे विजेते रंगमंचावर, फुलं, तालातल्या टाळ्या थांबता थांबेनात. आत्याने एकदा जोरात "वन्स मोअर!" दिलं. आजूबाजूच्यांना ते ब्राव्होसारखंच काहीतरी वाटलं असावं. दोघंतिघं तिच्या सुरात सूर मिळवून ओरडलेही.

निघायचा दिवस

विमान संध्याकाळचं. सकाळी बागेतून शेवटची चक्कर मारली तर नाट्यगृहाचं दार सताड उघडं. आत कामगार रंगमंचावरचं काळं आवरण गुंडाळत होते, खाली लाकडी फळ्या दिसत होत्या. आत्याने खुणेने विचारलं, वर येऊ का? त्यातला एक "दा, दा" म्हणाला. ती चपला काढून चढली, फळ्यांवर थोडं चालून बघितलं आणि मग एकगुण, दुगुण, चौगुण लयीत तत्कार, म्हणजे कथकमधलं पायांचं काम, केला. रिकाम्या नाट्यगृहात आवाज चांगलाच घुमला. गुंडाळणं थांबवून कामगार बघत उभे राहिले.

खाली उतरून चपला घालताना म्हणाली, "फळी लवचिक आहे. उड्यांना उत्तम. आपल्याला नाही चालणार, बोल गिळते."

मग तिला कणीस हवं होतं, आणि त्यात आमची विमानतळाची एक बस गेली. पुढची वीस मिनिटांनी होती.